किती मीटरवर?

पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास ठरलेल्या पायऱ्यांनी सांगितला जातो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसी स्थापन झाली. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को उभी राहिली, १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका. मग उद्योग इंद्रायणी ओलांडून चाकणकडे सरकले. १९९९ साली तिथं बजाजचा कारखाना आला, २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज. यातलं काहीच खोटं नाही, पण हा गेटवरच्या पाट्यांचा इतिहास झाला. गेटच्या आत केबल ट्रेमधून, छताच्या कैच्यांवरून आणि रस्त्याखालच्या पाइपांतून एक वेगळा इतिहास गेलेला आहे. एका शेडमधला संगणक दुसऱ्या शेडमधल्या यंत्राशी कधी बोलायला लागला, किती लांबून बोलायला लागला आणि ते बोलणं तुटलं तेव्हा नेमकं कुठं तुटलं हे कुणी शोधलं, याचा. तो मी पाहिलाय, म्हणून लिहितोय.

मी खेड तालुक्यातला. औंधच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड केला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भोसरीच्या एका ठेकेदाराकडे केबल ओढायच्या कामाला लागलो. पुढे चार पोरं हाताशी घेऊन स्वतःचं काम सुरू केलं, ते आजही चालू आहे. या धंद्यात फोनवरचा माणूस काहीही सांगत असतो. सर्व्हर गेला, स्क्रीन अडकली, लाइन थांबली. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो, बिघाड किती मीटरवर आहे? तारायंत्राच्या काळापासून हा प्रश्न तोच आहे. त्याचं उत्तर काढायच्या रीती आमच्या पट्ट्यात माझ्या डोळ्यांदेखत बदलत गेल्या.

तारांचं जाळं इथं संगणकाच्या कितीतरी आधी आलं. १८५८ साली खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली आणि रुळांच्या कडेनं तारायंत्राच्या तारा गेल्या. पुढे कारखाने आले तशा टेलिफोनच्या जाडजूड केबली जमिनीखालून गेल्या. आमच्या ठेकेदाराकडे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक केबल जॉइंटर होते. सगळे त्यांना जॉइंटरकाका म्हणायचे. मूळचे सातारा जिल्ह्यातले, हयात खड्ड्यात बसून जोड मारण्यात गेलेली. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा हे पाच आणि निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी हे पाच, यांच्या जोड्यांमधून पंचवीस जोड्यांचा एक गठ्ठा कसा ओळखायचा हे त्यांनी आम्हाला पाढ्यासारखं घोकून घेतलं. "आरं, आधी दोन्ही टोकं बघ, मधलं मग," एवढं एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणायचे.

मरे लूप ही चाचणीही मी त्यांच्याकडूनच शिकलो. केबलीत पाणी शिरून एखादी तार जमिनीला टेकली, की दूरच्या टोकाला ती तार एका धड तारेला जोडायची, जवळच्या टोकाला व्हीटस्टन ब्रिज लावायचा आणि काटा शून्यावर आणायचा. रोधांच्या गुणोत्तरावरून बिघाडापर्यंतचं अंतर निघतं. एकोणिसाव्या शतकातल्या तारायंत्रवाल्यांची ही युक्ती. काका खड्डा कुठं घ्यायचा ते या आकड्यावरून सांगायचे आणि तो आकडा आपल्या डायरीतल्या नकाशाशी ताडून बघायचे. त्या डायरीत केबलीचा मार्ग पावलांनी आणि फुटांनी लिहिलेला असे. अमुक विजेच्या खांबापासून चार फूट पूर्वेला, अमुक मोरीच्या खालून, अमुक गेटसमोर जोड. ती डायरी तेव्हा मला एखाद्या म्हाताऱ्या माणसाची सवय वाटली होती. तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

केबलीही इथल्याच होत्या. छाब्रिया बंधूंनी १९५८ साली पुण्यात सुरू केलेल्या फिनोलेक्सचा तारांचा कारखाना पिंपरीत होता, पुढे मावळात उर्सेला दुसरा झाला. कागदी वेष्टणाच्या जुन्या केबलीत एका जागी पाणी शिरलं तर ते आतून लांबवर पसरायचं. नंतर जेली भरलेल्या केबली आल्या, तारांमधली सगळी पोकळी चिकट जेलीनं भरलेली. पाणी जिथं शिरलं तिथंच अडायला लागलं. आमच्या दृष्टीनं हा मोठाच फरक होता. पसरलेला बिघाड मोजता येत नाही, एका जागचा मोजता येतो.

कारखान्यात आकडे तारेवरून जायला लागले ते आधी यंत्रांकडे. एनसी, म्हणजे आकड्यांच्या हुकुमावर चालणाऱ्या, यंत्रांना प्रोग्राम द्यायचा तर एक इंच रुंदीची भोकं पाडलेली कागदी पट्टी लागायची. आठ ओळींची भोकं, तेलकट हातांनी हाताळून मळलेली, दोन-चारदा वाचून झाली की कडा फाटायच्या. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारनं संगणकाचं नवं धोरण आणलं, आयात सोपी झाली आणि हळूहळू भोसरीतल्या लहान मशीन शॉपमध्येही एखादा पीसी दिसू लागला. मग त्या पीसीपासून सीएनसीपर्यंत आरएस-२३२ची तार ओढायची कामं निघाली. पंचवीस पिनांचा कनेक्टर, त्यातल्या तीनच पिना खऱ्या कामाच्या. दोन, तीन आणि सात. पाठवायची, घ्यायची आणि जमिनीची.

या तारेची मूळ मर्यादा पन्नास फूट, म्हणजे पंधरा मीटर. भोसरीतल्या टी ब्लॉकच्या किंवा जे ब्लॉकच्या शेडमध्ये ऑफिस एका टोकाला आणि लेथ दुसऱ्या टोकाला असेल तर पंधरा मीटर म्हणजे अर्धी शेडसुद्धा नाही. वेग कमी केला की तार लांब नेता येते, म्हणून ९६०० चा दर ४८०० वर आणायचा, त्यानं भागलं नाही तर २४०० वर. प्रोग्राम मुंगीच्या पावलानं जायचा. त्याहून लांब जायचं तर आरएस-४८५ वर यावं लागे, ती तार बाराशे मीटर चालते. बिघाड शोधायची रीत सोपी होती. यंत्राच्या टोकाला कनेक्टर काढायचा, पिन दोन आणि तीन वायरच्या तुकड्यानं जोडायच्या, पीसीवर काहीही टंकायचं. टंकलेली अक्षरं परत स्क्रीनवर उमटली तर तार जाऊन-येऊन धड आहे, दोष यंत्राच्या बाजूला. नाही उमटली तर तार तपासायची. मधल्या जोडावर हेच करायचं, म्हणजे अर्धी तार सुटते. दोन्ही टोकं आधी, मधलं मग.

मे महिन्यातल्या वळवाच्या पावसानं मात्र आम्हाला वेगळाच धडा दिला. दोन शेडना दोन वेगळ्या अर्थिंगच्या खड्ड्यांचा आधार असतो. जवळपास वीज पडली की त्या दोन खड्ड्यांमध्ये क्षणभर शेकडो व्होल्टचा फरक उभा राहतो आणि तो त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या तारेतूनच वाट काढतो. सकाळी जाऊन पाहावं तर दोन्ही टोकांचे पोर्ट जळालेले आणि मधली तार अगदी ठणठणीत. दोन इमारतींमध्ये तांब्याची तार उघडी टाकायची नाही, हे मी तेव्हापासून धरून आहे. ऑप्टिकल आयसोलेटर लावून आम्ही काही वर्षं निभावलं. खरा इलाज काचेच्या तारेनं केला, पण तिला अजून वेळ होता.

याच सुमारास पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात, संगणकांना संगणक जोडायचं एक मोठं काम पार पडलं. सी-डॅक १९८८ साली स्थापन झाली, विजय भटकर तिचे प्रमुख होते आणि १९९१ साली परम ८००० तयार झाला. त्याच्या आत ट्रान्सप्युटर नावाच्या चिप होत्या. प्रत्येकीला चार दुवे, प्रत्येक दुवा सेकंदाला दोन कोटी बिट वाहणारा, आणि अशा गाठी शेजारच्या गाठींना जोडत जाऊन एक महासंगणक. आम्ही भोसरीत पीसीला लेथ जोडत होतो आणि काही किलोमीटरवर ही माणसं गाठीला गाठ जोडून हवामानाची गणितं सोडवायच्या तयारीत होती. वर्तमानपत्रातला फोटो पाहून माझी छाती भरून आली होती, कारण त्यांचाही रोजचा प्रश्न आमचाच असणार हे मला कळत होतं. जोडलेल्यांपैकी कोण गप्प झालं?

कारखान्यांच्या ऑफिसात खरं नेटवर्क आलं ते पातळ कोॲक्सच्या रूपानं, टेन बेस टू. काळी, करंगळीपेक्षा बारीक केबल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायची. प्रत्येक पीसीच्या मागे टी आकाराचा कनेक्टर आणि दोन्ही टोकांना पन्नास ओहमचा टर्मिनेटर. एका तुकड्याची लांबी १८५ मीटर, त्यावर जास्तीत जास्त तीस संगणक. रिपीटर घालत गेलं तर पाच तुकडे जोडता येत, म्हणजे सगळं मिळून ९२५ मीटर, आणि त्यातल्या तीनच तुकड्यांवर संगणक लावायचे. एका कोपऱ्यात नॉव्हेलचा सर्व्हर. स्टोअर, अकाउंट, डिस्पॅच सगळे त्या एकाच तारेवर. ही तार कुठंही सुटली की सगळी एकदम बंद.

त्यातलं एक काम जवळून सांगतो, कारण ते आता कुणी करत नाही. भोसरीतला एक कारखाना, वेळ संध्याकाळची. डिस्पॅचच्या पीसीवर एक्साइजचं इन्व्हॉइस निघेना, दोन ट्रक गेटवर उभे, मॅनेजर टेबलाशी उभा. मी सगळे पीसी बंद करायला सांगितले. मधल्याच एका टेबलाखाली शिरून टी कनेक्टर पीसीपासून सोडवला, तार अखंड ठेवली आणि मल्टिमीटरचा एक प्रोब मधल्या पिनेला, दुसरा बाहेरच्या धातूला लावला. दोन्ही टोकांचे टर्मिनेटर धड असतील आणि तार सलग असेल तर पन्नास आणि पन्नास समांतर, म्हणजे पंचवीस ओहम दिसायला हवेत. तारेचा स्वतःचा रोध धरून थोडे जास्त. मला पन्नास दिसले. म्हणजे एक बाजू पूर्ण तुटलेली. टीची डावी बाजू सोडवली, तरी पन्नास. म्हणजे उजवी धड, तुटलेली डावी. मग डावीकडच्या उरलेल्या टेबलांच्या मधोमध गेलो आणि तेच केलं. असं अर्धं-अर्धं करत स्टोअरच्या टेबलापाशी पोचलो. तिथं कुणीतरी कपाट सरकवलं होतं आणि त्याच्या पायाखाली बीएनसी कनेक्टरची मान वाकून मधली पिन मागे सरली होती. कनेक्टर कापला, नवा क्रिम्प केला, पुन्हा मोजलं. सव्वीसच्या आसपास. पीसी सुरू झाले, इन्व्हॉइस निघालं, ट्रक गेले.

पंचवीस, पन्नास आणि अनंत. या तीन आकड्यांवर आमच्या पट्ट्यातली कित्येक ऑफिसं चालली. यांत न बसणारा बिघाड एकच होता आणि तो फार छळायचा. केबल टीव्हीचं वेड तेव्हा गल्लोगल्ली पसरलं होतं. टीव्हीची तारही तशीच काळी आणि गोल, पण ती पंचाहत्तर ओहमची. तातडीच्या वेळी कुणी इलेक्ट्रिशियन तिचा तुकडा मध्ये घालून द्यायचा. मीटरवर पंचवीस नीट दिसायचे, पण नेटवर्क मधूनच रखडायचं. कारण मीटर बॅटरीनं मोजतो, आणि माहितीचे स्पंद तार बदलली त्या सांध्यावर काही अंशी मागं फिरतात. हे पकडायला रिफ्लेक्टोमीटर लागतो. तो तारेत एक स्पंद सोडतो आणि त्याच्या प्रतिध्वनीची वाट पाहतो. शंभर मीटर जाऊन परत यायला साधारण एक मायक्रोसेकंद लागतो. तार तुटलेली असेल तर प्रतिध्वनी सुलट येतो, शॉर्ट असेल तर उलटा. वेळेवरून मीटर निघतात. हे यंत्र तेव्हा आमच्या ठेकेदाराच्या आवाक्याबाहेरचं होतं. भाड्यानं आणायचो आणि गुरुवारी वापरायचो. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून केबलवाल्यांचा खरा कामाचा दिवस गुरुवार. आमच्या घरातली लग्नं-बारशी गुरुवारी आली की आम्ही कधीच वेळेवर पोचलो नाही.

मग हब आले, पाठोपाठ स्विच, आणि कोॲक्सची जागा पिळलेल्या जोड्यांच्या तारेनं घेतली. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॉइंटरकाकांच्या रंगांशी यांची ओळख पटायला वेळ लागला नाही. मर्यादा शंभर मीटर, आणि प्रत्येक संगणकाला स्वतःची तार. एकाची तुटली तर एकच बंद पडतो. शिवाय या तारेला जाग होती. टेन बेस टी म्हणतात त्या या पद्धतीत दोन्ही टोकं काही बोलत नसतानाही साधारण दर सोळा मिलिसेकंदांनी एक बारीक स्पंद पाठवत राहतात. तो येत राहिला तर हिरवा दिवा लागतो, थांबला तर विझतो. ज्याला काहीच येत नाही असा वॉचमनही फोनवर सांगू शकायचा, "साहेब, सात नंबरचा दिवा गेलाय." टेबलाखाली शिरायचं आमचं निम्मं काम त्या दिव्यानं वाचवलं.

दिवा लागलेला असूनही बोलणं होत नसेल तर पिंग. माईक मुस या अमेरिकन माणसानं डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला हा छोटा प्रोग्राम पाणबुडीच्या सोनारच्या कल्पनेवर बेतलेला आहे. हाक मारायची, प्रतिसाद मोजायचा. आणि दिवे सगळेच वेड्यासारखे लुकलुकत असतील तर शंका फेऱ्याची. एका कारखान्यात कुणीतरी टेबल आवरताना लोंबणाऱ्या तारेची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली होती. एकच संदेश त्या फेऱ्यात फिरत वाढत गेला आणि पूर्ण मजला बसला. हे होऊ नये म्हणून रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ साली, डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना, स्पॅनिंग ट्री शोधून काढलं. स्विच आपापसांत बोलून फेऱ्यातला एक दुवा स्वतःहून मिटून ठेवतात, आणि दुसरा तुटला तर मिटलेला उघडतात. भोसरीत लागलेले स्वस्तातले स्विच हे करत नव्हते. तिथं फेरा शोधायचा म्हणजे एकेक तार उपटत जायची आणि दिवे कधी शांत होतात ते बघायचं.

चाकणनं अंतराचं गणितच बदललं. भोसरीच्या शेडा एकमेकींना खेटून. चाकणला महाळुंगे, निघोजे, खराबवाडीकडे माळरानं होती, त्यावर प्रचंड आवारं पडली. फोक्सवॅगनचं आवार सुमारे ५७५ एकरांचं. बॉडी शॉपपासून पेंट शॉप, तिथून असेंब्ली, मध्ये रस्ते, नाले, झाडांच्या रांगा. शंभर मीटरची तांब्याची तार इथं एका शेडच्या आतच संपते. इमारतीला इमारत जोडायची ती फायबरनं, म्हणजे त्या काचेच्या तारेनं, आणि फायबरला वळवाच्या विजेची भीती नाही, वेल्डिंगचा गोंगाटही तिला ऐकू जात नाही. माझा जुना नियम इथं आपोआप पाळला गेला.

फायबरचा बिघाड मोजायला ओटीडीआर. रिफ्लेक्टोमीटरचंच तत्त्व, स्पंद उजेडाचा. काचेत उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एक किलोमीटर जाऊन यायला दहा मायक्रोसेकंद. पडद्यावर एक उतरती रेघ दिसते. जोडापाशी बारीक पायरी, कनेक्टरपाशी टोक, आणि जिथं तार तुटली तिथं कडा कोसळल्यासारखी रेघ खाली. खाली आकडा लिहून येतो. या यंत्राचं पहिलं प्रात्यक्षिक पाहिलं तेव्हा मला वाटलं, आता अंतराचा प्रश्न कायमचा सुटला.

तसं झालं नाही, आणि माझ्या लिहिण्याचं कारण हेच आहे. चाकणच्या एका कारखान्यात पाइपलाइनच्या खोदाईत फायबर तुटली. ओटीडीआरनं १३४० मीटर दाखवले. पण तेरा-चौदाशे मीटर तारेचे, जमिनीचे नव्हेत. पुढच्या दुरुस्तीसाठी म्हणून प्रत्येक चेंबरमध्ये तारेची वेटोळी ठेवतात. सहा चेंबर, प्रत्येकात साधारण दहा मीटर, शिवाय पाइपातले चढ-उतार. जमिनीवरचं अंतर पावणेतेराशेच्या आसपास निघतं. म्हणजे कागद नसेल तर सत्तर मीटर चुकीच्या जागी खड्डा पडतो, आणि त्या खड्ड्यात विजेची केबल किंवा पाण्याची लाइन असू शकते. त्या कारखान्यात नकाशा होता, कारण ती तार आम्हीच टाकली होती आणि काकांच्या डायरीच्या धर्तीवर प्रत्येक वेटोळ्याची लांबी मी लिहून ठेवली होती. पुष्कळ ठिकाणी तो नसतो. ठेकेदार बिल पास व्हायला ॲज-बिल्ट ड्रॉइंग, म्हणजे तारा प्रत्यक्षात कुठून टाकल्या त्याचा नकाशा, देतो, ते फायलीत जातं, प्लँट हेड बदलतो, फाइल गोडाउनला जाते, तिथून रद्दीत. मोजायचं यंत्र शहाणं झालं आणि नकाशा मात्र टेलिफोन खात्याच्या काळापेक्षा मागे गेला.

मोठ्या कारखान्यांत आता नेटवर्क वर्तुळाकार टाकतात. एका बाजूनं तुटलं तर माहिती दुसऱ्या बाजूनं फिरते, लाइन थांबत नाही. प्रॉफिनेट या कारखान्यांतल्या नेटवर्क-पद्धतीच्या वर्तुळात हा बदल दोनशे मिलिसेकंदांच्या आत होतो. हे चांगलंच आहे, पण त्यात एक धोका आहे आणि तो मला तुटलेल्या तारेपेक्षा मोठा वाटतो. वर्तुळाला पहिली चीर पडली की कुणाला कळतही नाही. लाइन चालू असते, सगळे खूश असतात. महिन्यांनी दुसऱ्या बाजूला उंदीर तार कुरतडतो आणि सगळं एकदम बसतं. स्विच पहिल्या चिरेचा इशारा देत असतोच, पण तो इशारा वाचायची जबाबदारी कुणाच्या नावावर आहे हे विचारलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. आम्ही वार्षिक करार घेतो तेव्हा दर आठवड्याचं रिंग स्टेटस लिहून देणं ही पहिली अट घालतो.

आणि मग हीच विद्या गाडीच्या आत शिरली. या पट्ट्यात गाड्या बनतात, आणि आजची गाडी म्हणजे चार चाकांवरचं नेटवर्क. रॉबर्ट बॉश कंपनीनं १९८६ साली कॅन नावाची पद्धत जगापुढे ठेवली. इंजिन, ब्रेक, एअरबॅग, मीटर अशा सगळ्या गाठी दोन पिळलेल्या तारांवर. एक मेगाबिटच्या वेगाला तारेची लांबी साधारण चाळीस मीटरपर्यंत, गाडीला ती पुरून उरते. दोन्ही टोकांना १२० ओहम. गाडी बंद करून दोन तारांमध्ये मीटर लावला की साठ दिसायला हवेत, १२० दिसले तर एक बाजू सुटलेली. माझ्या पंचवीस आणि पन्नासचीच ही पुढची पिढी. कॅननं एक गोष्ट त्याहून पुढे नेली. प्रत्येक गाठ आपल्या चुका स्वतः मोजते. पाठवताना चूक झाली की खात्यात आठ वाढतात, नीट गेलं की एक उतरतो, आणि बेरीज २५५ च्या वर गेली की ती गाठ स्वतःला तारेवरून अलग करते, म्हणजे बाकीच्यांचं बोलणं चालू राहावं. गॅरेजमधला मुलगा स्कॅनर लावतो तेव्हा यू अक्षरानं सुरू होणारे कोड हे अशा तुटलेल्या संवादाचे. यू-०१०० म्हणजे इंजिनच्या कंट्रोलरकडून काही ऐकू येत नाही.

त्या गाडीतली तार जिथं बनते ती जागा मी नेहमी आवर्जून बघतो. चाकण-भोसरीतल्या वायरिंग हार्नेसच्या युनिटांत बहुतेक काम बायका करतात. समोर तिरका बोर्ड, त्यावर खिळे आणि गाडीच्या तारांचा पूर्ण आकाराचा नकाशा छापलेला. कुठली तार कुठं वळते, कुठं टेप, कुठं क्लिप, मिलिमीटरसकट. तार टाकली की कनेक्टर टेस्टिंग टेबलावर बसतो आणि एकेका सर्किटचा दिवा लागतो. क्रिम्प ओढून किती जोराला सुटतो ते तपासलं जातं. गाडीतल्या तारेचा नकाशा असा बोर्डावर कायमचा छापून ठेवलेला. आणि ती गाडी जिथं बनते त्या कारखान्याच्या जमिनीखालच्या तारांचा नकाशा कुणाकडेच नाही. हे मला कधीच पटलेलं नाही.

सरकारनं २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप सुरू केलं. खोदायच्या आधी तिथं कळवायचं, म्हणजे जमिनीखाली ज्यांच्या तारा-पाइप आहेत त्यांना सूचना जाते. सार्वजनिक रस्त्यांसाठी हे फार गरजेचं होतं. पण कारखान्याच्या कुंपणाच्या आत काय पुरलंय ते आतल्यांनीच नोंदवायला हवं. २००७ साली आकुर्डीला बजाजचं उत्पादन थांबलं, भोसरीतली कितीतरी युनिटं त्या आधी आणि नंतर हलली किंवा बंद झाली. जुन्या शेडा पडतात तेव्हा तांबं भंगारवाला नेतो, आणि त्या तांब्यासोबत ते कुठून कुठं गेलं होतं याची माहितीही जाते.

म्हणून गेली काही वर्षं मी जिथं काम करतो तिथल्या मेंटेनन्सवाल्यांकडे जुनी ड्रॉइंग मागतो. रद्दीत टाकायच्या आधी मला द्या म्हणतो. कुणी देतं, कुणी हसून टाळतं. मिळालेल्यांत अमोनियाच्या वासाच्या निळ्या प्रती आहेत, फॅक्सवर आलेले पुसट कागद आहेत, फ्लॉपी आहेत. नव्या मुलांना मी ती घेऊन साइटवर पाठवतो आणि चेंबर उघडून एकेक वेटोळं मोजून यायला लावतो. परत आली की चेंबरचा नंबर, वेटोळ्याची लांबी, सर्वात जवळच्या न हलणाऱ्या वस्तूपासूनचं अंतर आणि तारीख एवढं वहीत आणि संगणकात दोन्हीकडे चढवायचं. टी ब्लॉकमधल्या काही शेडांचं काम झालंय. चाकणजवळच्या कुरुळीच्या बाजूचं पावसाळ्याआधी उरकायचं आहे, कारण तिथले चेंबर जूनमध्ये पाण्यानं भरतात.